शामलाच्या प्रबंधाचा मानपान

शामला बसत नव्हती.

तिला काही दुखत-खुपत नव्हतं. पण गेल्या कित्येक दिवसांत ती एका जागी टेकलेली पाहिली, असं शपथेवर सांगणारा माणूस त्या घरात सापडला नसता. चहा उभ्यानं, जेवण ओट्याला टेकून, आणि वेणी तर घरभर फिरत फिरत, त्यामुळे एक पेड देवघरात आणि दुसरा न्हाणीघरात पडायचा. तिची आई सुभद्राबाई शेवटी म्हणाली, "बस वं एका जागी! तुले पाहून मले गरगरून राहिलं." शामला बसली. आणि पाट गरम व्हायच्या आत उठली.

आता गंमत बघा. ही मुलगी विद्यापीठात अभ्यास कशाचा करत होती? तर बसण्याचा! इतिहास विभागात तिची पीएच.डी. चालली होती आणि प्रबंधाचा विषय होता 'नागपूरकर भोसल्यांच्या दरबारातील मानपान व बैठकीचा क्रम'. राजाच्या उजवीकडे कोण, डावीकडे कोण, विडा आधी कुणाला, अत्तर कुणाला, आणि कुणाला नुसती मान हलवून वाटेला लावायचं. यावर तिनं इतके मोडी कागद वाचले होते की स्वप्नातसुद्धा तिला माणसं ओळीनं बसलेली दिसायची, आणि त्यातलं एक जण नेहमी रुसलेलं असायचं.

तर तो प्रबंध संपला होता. टाइप होऊन, कार्बनच्या प्रतींसकट, खाटेखाली गठ्ठ्यात बांधून ठेवला होता. सोमवारी तो विद्यापीठात जमा व्हायलाच हवा होता. मुदत दोनदा वाढवून झाली होती, तिसऱ्यांदा वाढत नव्हती. सोमवार चुकला की नोंदणी रद्द. आणि नोंदणी रद्द म्हणजे सरळ काटोल.

काटोलचं असं, की तिकडे संत्र्याचा बगीचा सांभाळणारे तिचे मोठेबाबा, म्हणजे बाबांचे थोरले भाऊ रुपराव, यांनी एक स्थळ पाहून ठेवलं होतं. "पोरगा शिकेल हाय, बगीचा हाय, अन् भर उन्हाळ्यात विहिरीले पाणी हाय." शामलाचं पोराबद्दल काही म्हणणं नव्हतं, कारण पोरगा तिनं पाहिला नव्हता. विहिरीबद्दलही नव्हतं. पण नागपुरातल्या एका कॉलेजात इतिहास शिकवायची जागा निघणार होती, आणि विहिरीला कितीही पाणी असलं तरी तिच्या काठावर बसून मोडी शिकवता येत नाही. म्हणून करार झाला होता. मोठेबाबा म्हणाले होते, "तुयं बुक जमा होईस्तोवर मी तोंड उघडत नाई. नाई झालं, तं मंग तू तोंड उघडू नको."

शुक्रवारी तिचे मार्गदर्शक डॉ. गावंडे सर म्हणाले, "सगळं उत्तम आहे. एवढं ऋणनिर्देशाचं पान राहिलंय बघा. ज्यांनी मदत केली त्यांची नावं. चार ओळी. पसरवू नका."

चार ओळी! सर फार विद्वान माणूस. पण त्यांना बहुधा नातेवाईक नसावेत.

चूक केली ती बाबांनी. गणपतराव एका सरकारी कचेरीत हेडक्लार्क, बोलण्यात अगदी जपून. पण त्या संध्याकाळी अंगणात पाणी शिंपडताना त्यांची छाती जरा फुगली आणि ते कुंपणापलीकडे बोलून गेले, "आमच्या शामलाच्या पुस्तकात पहिल्याच पानावर नावं येऊन राहिली बरं का. ज्यांनी ज्यांनी हातभार लावला, सगळ्यांची."

दहावीचा निकालसुद्धा त्या लेआउटमध्ये, म्हणजे त्यांच्या वसाहतीत, इतक्या वेगानं पसरला नव्हता.

पहिल्या आल्या शेजारच्या शोभाताई. हातात वाटीभर लोणचं. "मी काही म्हणत नाही बाई," त्या म्हणाल्या. हे वाक्य ऐकलं की समजायचं, आता पाऊण तास निश्चिंती. "पण तुमच्याकडे पाहुणे होते तेव्हा चौथं प्रकरण कुणाच्या घरी झालं? माझ्या! मी लेकरांना मैदानात हाकललं, रेडिओ बंद ठेवला. चौथं प्रकरण म्हणजे माझ्याच घरचं समज." शोभाताई अशा आवाजात बोलत होत्या की चौथ्या प्रकरणाला एकदा मांडीवर घेऊन त्याची टाळू भरावी असं कुणालाही वाटावं.

मग रेल्वेतून रिटायर झालेले देवाजी. "तुझ्या सायकलीत तीन वर्षं हवा कोणाच्या पंपानं भरली? माझ्या. हवा नसती तं विद्यापीठात पोहोचली असती का? नसती पोहोचली, तं पुस्तक झालं असतं का?" यात तर्कदृष्ट्या कुठेच भोक नव्हतं. शामलानं उभ्याउभ्याच दोघांची नावं लिहून घेतली.

आणि रविवारी सकाळच्या एसटीनं, संत्र्यांची टोपली घेऊन, साक्षात मोठेबाबा.

घरात हातांची एक वेताची खुर्ची होती. ती मोठेबाबांची. ते वर्षातून चारदा यायचे, पण उरलेले सगळे दिवस ती खुर्ची तशीच रिकामी, त्यांची वाट पाहत असल्यासारखी. तिच्यावर कुणी बसायचं नाही, असं कुणी कधी बोललं नव्हतं. बोलावं लागतच नव्हतं. मांजरसुद्धा तिच्या खालून जायची. त्या खुर्चीत मोठेबाबा बसले, टोपी गुडघ्यावर ठेवली आणि म्हणाले, "वाच."

शामलानं चालत चालत वाचलं. "गुरुवर्य डॉ. गावंडे यांची मी ऋणी..."

"थांब. देव कुठी हाय?"

"कोणता देव?"

"काहून वं, कोणता म्हंजे? वर पहिले देवाचं नाव पाहिजे. मंग बुढ्याचं, माया बापाचं. मंग आमचं. मंग जवाई. असं डायरेक मास्तरापासून कोण सुरू करते?"

इथे एक गोष्ट लक्षात घ्यायला हवी. त्या घरात शामलाशिवाय प्रबंध नावाची वस्तू कुणी जन्मात पाहिली नव्हती. पण लग्नपत्रिका मात्र प्रत्येकानं शेकड्यानं पाहिल्या होत्या. पुढच्या पानावर नावांची ओळ म्हटल्यावर त्यांना दुसरं काय आठवणार? आणि पत्रिकेत नाव खालीवर झालं की पुढच्या तीन पिढ्या जेवायला येत नाहीत, हे त्यांना शिकवावं लागत नव्हतं.

"पण मोठेबाबा, आजोबा तर मी पाळण्यात असतानाच गेले," शामला म्हणाली. "त्यांनी प्रबंधाला मदत कशी केली?"

"त्यायनं मले जन्म देला. मी गणपतले शिकोलं. गणपतनं तुले शिकोलं. आता अजून कोणती मदत पाहिजे?"

इतिहासात याला कारणपरंपरा म्हणतात. शामला मुकाट्यानं कागदाच्या वरच्या टोकाला गेली आणि आजोबांना कैलासवासी करून पहिल्या ओळीत बसवलं.

दुपारपर्यंत चार ओळींची दोन पानं झाली होती. आणि नेमके तेव्हा जावई आले.

आनंदराव म्हणजे शामलाच्या थोरल्या बहिणीचे, प्रेमिलाचे यजमान. नागपूरच्या महाल भागात त्यांचा छोटा छापखाना होता. बारशाची कार्डं, दुकानांची हँडबिलं आणि हंगामात रात्रंदिवस लग्नपत्रिका. प्रबंधाची बांधणी करून द्यायचं त्यांनीच आपण होऊन कबूल केलं होतं. ते गठ्ठा न्यायला आले आणि खाटेवर पडलेला कागद त्यांनी सहज उचलला.

आनंदराव काहीच बोलले नाहीत. चहा आला, त्याला हात लावला नाही. चिवडा आला, तो बशीसकट दोन बोटांनी पुढे सरकवला. मग गठ्ठा काखेत मारला, "येतो," म्हणाले आणि स्कूटरला किक मारून गेले.

त्यांच्याबरोबर आलेली प्रेमिला मागेच राहिली होती. ती तडक स्वयंपाकघरात शिरली. "आई, यायचं, तुझ्या जावयाचं, नाव सायकलीच्या पंपाच्या खाली? पंपाच्या? आता मी सासरी कोणतं तोंड दाखवू?"

शामलाला प्रबंधाचं तिसरं प्रकरण आठवलं. एका सरदाराला विडा दुसऱ्याच्या मागून मिळाला. तो काही बोलला नाही. दुसऱ्या दिवशी तो घोड्यांसकट निघून गेला. इथे घोडे नव्हते, पण प्रबंधाच्या होत्या नव्हत्या तेवढ्या सगळ्या प्रती स्कूटरवरून महालात गेल्या होत्या आणि उद्या सोमवार होता.

"दादा, आता?" बाबांनी विचारलं.

"आता काय," मोठेबाबा उठले आणि टोपी डोक्यावर ठेवली. "जवाई रुसला. दुपट्टा, टोपी, नारळ काढ."

एप्रिलच्या त्या भाजून काढणाऱ्या दुपारी दोन सायकलरिक्षा महालाकडे निघाल्या. पुढच्या रिक्षात मोठेबाबा आणि नारळ, मागच्यात बाबा आणि प्रेमिला. शामला सायकलवर. ती कधी पुढे जायची, कधी मागे यायची, कारण रिक्षाच्या वेगानं जाणं तिला त्या दिवशी शक्यच नव्हतं.

छापखान्यात आनंदराव अक्षरांचे खिळे जुळवत होते. वर न बघता म्हणाले, "मी कुठी काय म्हटलं? मी कोण म्हणणारा?"

"जवाईबापू, लेकरू हाय ते. तिले काय समजते," मोठेबाबा म्हणाले. त्यांनी आनंदरावांच्या खांद्यावर दुपट्टा टाकला, डोक्यावर टोपी ठेवली, हातात नारळ दिला. भोसल्यांच्या दरबारावर सव्वातीनशे पानं लिहिणारं लेकरू दाराशी उभं राहून एका पायावरून दुसऱ्या पायावर भार टाकत होतं.

हळूहळू आनंदरावांचा चेहरा उजळला. नारळ हातात आला की माणूस फार वेळ रुसू शकत नाही, हात अवघडतो. "शामला," ते म्हणाले, "आता त्या पानाचं टेन्शन घेऊ नको. टाइप करून काय देतं, भिकार दिसते ते. मीच जुळवतो, चांगलं छापून. असं जुळवतो की कोणीच कोणाच्या खाली येणार नाही. माझा हाच धंदा आहे."

शामलाला इतकं हायसं वाटलं, इतकं हायसं वाटलं, की त्या शेवटच्या वाक्याकडे तिचं लक्षच गेलं नाही.

सोमवारी लाइट गेली, बांधणीचा सरस वाळेना, आणि शामलानं छापखान्यासमोरच्या रस्त्यावर इतक्या येरझाऱ्या घातल्या की पानठेलेवाल्यानं तिला कुणी हरवलंय का म्हणून विचारलं. शेवटी जाड निळ्या पुठ्ठ्यातले ग्रंथ मांडीवर घेऊन ती भाऊजींच्या स्कूटरवर मागे बसली आणि बाबू कपाटाला कुलूप घालत असताना विद्यापीठाच्या कचेरीत शिरली. जमा! शिक्का! शामला पायऱ्यांवर आली. तिच्याजवळ तिची स्वतःची एक प्रत उरली होती. तिनं कौतुकानं ती उघडली.

पान लाल शाईत होतं. वर गणपती. दोन्ही बाजूंना सनईवाले. खाली:

'॥ श्री गजानन प्रसन्न ॥ आमचे येथे श्रीकृपेकरून, कै. नानाजी यांची नात व श्री. गणपतराव यांची द्वितीय कन्या चि. सौ. कां. शामला हिचा शुभप्रबंध विद्यापीठात सादर करण्याचे योजिले आहे. तरी या मंगल प्रसंगी...'

मग नक्षीदार चौकटी. कोणीच कोणाच्या खाली नाही, शब्द पाळला होता. 'विनीत' या चौकटीत मोठेबाबा आणि बाबा. 'मार्गदर्शक' यात गावंडे सर एकटेच, जरा घाबरल्यासारखे. 'स्वागतोत्सुक' यात देवाजी आणि शोभाताई. जावयांना स्वतंत्र चौकट, कोपऱ्यात कमळं. आणि अगदी तळाशी, प्रेमिलाच्या चार वर्षांच्या पोराच्या नावानं, 'आमच्या मावशीच्या प्रबंधाले यायचं हं!'

"कसं झालं?" भाऊजींनी स्कूटरवरून हाक मारली. "आहेराची ओळ मी मुद्दाम गाळली. म्हटलं, शिक्षणाचं काम आहे."

शामलानं वळून कचेरीकडे पाहिलं. कुलूप लागलं होतं.

पुढचे महिने तिनं कसे काढले हे चपलांना विचारावं. गावंडे सरांनी ते पान पाहिलं तेव्हा चष्मा काढला, पुसला, परत लावला, आणि ते पान तरीही तिथेच होतं. "शामलाबाई," ते एवढंच म्हणाले, "मुहूर्त घालायचा राहिला." मग बाहेरगावचे परीक्षक ठरले. वयस्क, नामांकित, आणि हसल्याची नोंद कुठल्याही दप्तरात नसलेले. सरांना धीर द्यावासा वाटला म्हणून ते म्हणाले, "तोंडी परीक्षा खुली असते हो. कुणीही येऊन ऐकू शकतं. घाबरू नका."

शामलानं हे घरी सांगायला नको होतं.

परीक्षेच्या दिवशी विभागाच्या दारात देवाजी उभे होते. कडक इस्त्रीचा सदरा आणि हातात चांदीची गुलाबदाणी. "छापलं आहे ना, स्वागतोत्सुक," ते म्हणाले. "मग छापल्यासारखं वागायला नको?" आणि नामांकित परीक्षक आत शिरताच त्यांनी त्यांना गुलाबपाण्यानं असं काही न्हाऊ घातलं की त्यांच्या चष्म्यावरून ओघळ आले. आत खुर्च्यांसाठी ढकलाढकली चालली होती. पहिल्या रांगेत मोठेबाबा, बाबा, आई, आनंदराव, प्रेमिला. शोभाताईंना दुसऱ्या रांगेत जागा मिळाली होती आणि त्या छताकडे पाहत होत्या.

परीक्षकांनी चष्मा पुसला. "पान तीनशे बारा," ते म्हणाले. "तुम्ही लिहिता, 'राज्य खालसा झाले, दरबार उठला, आणि त्याबरोबर मानपानाची ही व्यवस्थाही कायमची संपुष्टात आली.' हाच तुमचा निष्कर्ष?"

"हो, सर."

त्यांनी पुस्तक उलटं चाळत अगदी पुढे आणलं. लाल पान. "मग हे काय आहे?"

गुलाबदाणीतून एक थेंब ठिबकला. उत्तर अगदी सोपं होतं. 'छापखान्याची चूक झाली, सर.' एवढं म्हटलं की सुटका. शामलानं तोंड उघडलंसुद्धा. तेवढ्यात तिला भाऊजी दिसले. तोच दुपट्टा खांद्यावर, तीच टोपी, आणि नजर स्वतःच्या बुटांवर. त्यांना आत्ताच कळलं होतं की आपण काहीतरी भलतंच करून बसलो. कारागिरी चुकली म्हणून नाही, तर चांगली झाली म्हणून.

शामलानं तोंड मिटलं. परत उघडलं.

"सर," ती म्हणाली, "पान तीनशे बारा चुकलं."

गावंडे सरांनी डोळे मिटून घेतले.

"दरबार उठला नाही, सर. तो आमच्या घरी येऊन बसला." आणि शामला उठली. ती उभी राहिली की चालायला लागायची, तशी चालायला लागली. खिडकीपर्यंत, फळ्यापर्यंत, परत. "हे पाहा, वर आजोबा. हयात नाहीत, पण त्यांच्याशिवाय कुणाचाच क्रम लागत नाही. तिकडे दरबारात मूळपुरुषाचं नाव घ्यायचे, तसंच. ही कमळाची चौकट जावयांची. तिसऱ्या प्रकरणातला सरदार आठवा, तो काही न बोलता गेला. आमचे भाऊजीपण काही बोलले नाहीत. सगळ्या प्रती घेऊन गेले! त्याला परत आणायला तिकडे वस्त्रं पाठवायचे, इकडे दुपट्टा-टोपी लागते. नारळपण लागते, सर, नारळाशिवाय होतच नाही! आणि माणसाले चौकट देली ना, की तो तसा वागते. दारात तुमच्यावर गुलाबपाणी कोणी उडवलं? मी तीन वर्षं दप्तरखान्यात धूळ खाऊन राहिली, अन् हे सगळं घरात चालू होतं. मले दिसलंच नाही." मग तिला आपण कसं बोलतोय ते ऐकू आलं आणि ती फळ्यापाशी थांबली.

परीक्षक लिहीत होते. बराच वेळ लिहीत होते. मग त्यांनी पेन उचलून दुसऱ्या रांगेकडे रोखलं. "त्या बाई का रुसल्यात?"

"शोभाताई, सर. चौथं प्रकरण त्यांच्या घरी झालं. आणि खुर्ची मागे मिळाली."

"त्यांना पुढे बसवा," परीक्षक गंभीरपणे म्हणाले. "मग मी चौथ्या प्रकरणावर प्रश्न विचारतो."

हसले नाहीत. पण देवाजी शपथेवर सांगतात, की मिशी हलली.

निर्णय असा झाला: पदवी द्यावी. शेवटचा निष्कर्ष नव्याने लिहावा. आणि लाल पान काढू नये. पुस्तक छापताना ते पुराव्यादाखल शेवटी, परिशिष्ट म्हणून घालावं.

संध्याकाळी सगळा लेआउट त्यांच्या बैठकीत जमला होता. पेढे फिरत होते. मोठेबाबा वेताच्या खुर्चीत. शामलानं निर्णय सांगितला आणि 'शेवटी' या शब्दापाशी पेढे थांबले.

"शेवटी?" मोठेबाबा खुर्चीतून उभे राहिले. "आमाले शेवटी टाकून राहिली? बुकाच्या बुडाले?"

"चौथं प्रकरण झालं तेव्हा बरी होती मी!" शोभाताई म्हणाल्या. आनंदरावांनी हातातली बशी दोन बोटांनी पुढे सरकवली. शामलाच्या मनात पुन्हा स्कूटरची किक वाजली.

"मोठेबाबा," ती म्हणाली, "दरबार भरला की आधी कोण यायचं? चोपदार. मग कारकून, मग मानकरी, मग सरदार. आणि सगळे उभे राहिले की मग, सगळ्यात शेवटी कोण यायचं?"

मोठेबाबांनी विचार केला. "राजा?"

"राजा."

मग मोठेबाबांचा हात मिशीकडे गेला. "असं हाय का. मंग त्या पानावर मले अजून खाली घे. अगदी तळाले."

"दादा, विनीत आपण दोघं आहो," बाबा म्हणाले, थोरल्या भावाला आयुष्यात पहिल्यांदा अडवत.

"अन् जावई मधातच का?" प्रेमिला म्हणाली. "यायची चौकट खाली घे, मग लेकराची ओळ वर जाऊ दे."

"स्वागतोत्सुक माणूस सगळ्यात शेवटी निघतो," देवाजी म्हणाले. "पाहुणे गेल्यावर. हे जगात कुठंही विचारा."

सगळे उभे. सगळे एकदम बोलत होते. आनंदराव खिशातून पेन काढून भिंतीवरच्या कॅलेंडरच्या कोऱ्या पाठीवर चौकटी आखत होते. शामलानं चहूकडे पाहिलं. सकाळपासून तिनं काही खाल्लं नव्हतं आणि पाय, खरं सांगायचं तर कित्येक महिन्यांत पहिल्यांदा, दुखत होते. समोर खुर्ची होती. रिकामी.

ती बसली.

वेत करकरला. आवाज लहानसाच होता, पण त्या घरात तो सगळ्यांना ओळखीचा होता. एकेक जण बोलायचं थांबलं. आईचा हात पदरापाशी गेला. मोठेबाबा वळले. त्यांनी खुर्चीकडे पाहिलं, खुर्चीतल्या पोरीकडे पाहिलं, पोरगी अर्धवट उठायला लागली तशी तिला हातानं थांबवलं.

"सुभद्रे," ते म्हणाले, "डाक्टरीणबाईले पाणी दे. बसल्या हायेत त्या." आणि शोधूनही दुसरी खुर्ची दिसली नाही तेव्हा संत्र्याची टोपली उपडी करून तिच्यावर टेकले. "काटोलवाल्याले मी सांगतो, पोरगी सध्या कामात हाय. बुक छापून राहिली."

मग खाली वाकून, जरा हळू आवाजात, "पण तळाले मीच ना वं?"